कार्डं पानाच्या डोक्यावर का छापली जातात आणि मराठी वर्णनं गायब का होतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. गिरगावातल्या एका वाचनालयाची साइट तुम्ही वर्डप्रेसवर नव्याने करताय. पुस्तकांची कार्डं दाखवणारा शॉर्टकोड (पानात लिहायची खूण, जिच्या जागी वर्डप्रेस तुमच्या फंक्शनचं उत्तर बसवतं) स्वतः लिहिलात आणि माहिती जुन्या साइटच्या डेटाबेसमधून आणलीत. सर्व्हरवर पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ७.४ आहे. शॉर्टकोड पानाच्या मध्ये टाकला तरी कार्डं मजकुराच्या वर, अगदी सुरुवातीला येतात. एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स (<, > अशी खास चिन्हं ब्राउझरने टॅग न समजता तशीच दाखवावीत म्हणून बदलणारं, म्हणजे एस्केप करणारं फंक्शन) लावलं की बऱ्याच पुस्तकांच्या नावांऐवजी अँड, हॅश आणि आकड्यांच्या माळा दिसतात. आणि काही वर्णनं पूर्ण रिकामी येतात, शेजारच्या पुस्तकाचं मात्र नीट दिसतं. शेवटी वैतागून तुम्ही सगळीकडचं एस्केपिंग काढून टाकलंत, सगळं दिसायला लागलं, आणि विचारताय की असंच ठेवलं तर चालेल का.

नाही चालणार. सभासदांना अभिप्राय लिहायची सोय तुम्ही पुढच्या महिन्यात देणार आहात. त्या चौकटीत कुणी स्क्रिप्ट टाकली, तर ती ग्रंथपाल लॉगिन करून अभिप्राय तपासायला बसतील तेव्हा त्यांच्या अधिकारात चालेल. पण तुमच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि एस्केपिंग एकाही तक्रारीचं कारण नाही. तुमच्या कोडमध्ये साधा मजकूर आणि मार्कअप (टॅग असलेलं एचटीएमएल) यांची सरमिसळ झालीय, आणि ती सरमिसळ नेमकी कुठे होते ते कोड वाचून कळत नाही. दोन्ही शेवटी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळच असतात, म्हणून नजरेला फरक दिसत नाही.

पहिली तक्रार सोपी आहे. तुमचं फंक्शन कार्डाचा मार्कअप इको करतं, म्हणजे तिथेच छापतं, परत देत नाही. वर्डप्रेस पानाचा मजकूर आधी पूर्ण तयार करतं. त्यात शॉर्टकोड सापडला की तुमच्या फंक्शनला हाक मारतं, ते जे परत देईल ते शॉर्टकोडच्या जागी बसवतं, आणि सगळं जुळलं की मगच छापतं. तुमचं फंक्शन मधेच स्वतः छापून मोकळं होतं, तेव्हा पानाचा मजकूर अजून बाहेर पडलेलाच नसतो. म्हणून कार्डं वर आणि मजकूर खाली. एका व्हेरिएबलमध्ये स्ट्रिंग जोडत जा आणि शेवटी रिटर्न करा. वर्डप्रेसच्या स्वतःच्या फंक्शनांमध्येही हा फरक नावातच आहे: ‘द-टायटल’ छापतं, ‘गेट-द-टायटल’ परत देतं. तुम्ही कार्डाच्या आत पहिलं वापरलंय, तेही बदला, नाहीतर कार्ड जागेवर येईल आणि शीर्षक वर राहील.

एखादं जुनं फंक्शन छापतंच आणि ते बदलणं आपल्या हातात नसेल, तर ओबी-स्टार्ट लावून छापलेलं बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पकडता येतं आणि ओबी-गेट-क्लीनने स्ट्रिंग म्हणून घेता येतं. मी हे नाइलाज असेल तेव्हाच करतो. मधल्या एखाद्या अटीत फंक्शन लवकर परतलं आणि बफर उघडाच राहिला, तर पुढचं छापलेलं भलत्याच बफरमध्ये जातं, आणि ते शोधण्यात अख्खा दिवस जातो.

छापणं हा साइड इफेक्ट, म्हणजे उत्तर देण्यापलीकडे फंक्शनने केलेला उद्योग आहे, पण तुमच्या फंक्शनमध्ये दुसराही एक आहे, आणि तो मला जास्त टोचला. कार्ड बनवतानाच तुम्ही ‘किती वेळा पाहिलं’ हा आकडा डेटाबेसमध्ये एकाने वाढवता. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी दादरमधल्या एका सोसायटीसाठी मेंटेनन्सच्या पावत्यांचा प्रोग्राम लिहिला. पावतीचं एचटीएमएल बनवणारं एक फंक्शन होतं आणि पावती क्रमांकही तेच घालायचं: टेबलातला शेवटचा आकडा घ्यायचा, एक वाढवायचा, जतन करायचा, पावतीवर लिहायचा. पहिले काही महिने सुरळीत गेले. मग खजिनदारांनी विचारलं, छापायच्या आधी पावती पडद्यावर बघता येईल का? मी प्रिव्ह्यू दिला, आणि प्रिव्ह्यूला तेच फंक्शन जोडलं. वर्षअखेरीला ऑडिटरने विचारलं की १४२ नंतर एकदम १४५ कशी आली, मधल्या दोन पावत्या कुठे आहेत, त्यांचे पैसे कुठे आहेत. पैसे कुठेच गेले नव्हते. पण सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांना वार्षिक सभेत उभं राहून खुलासा द्यावा लागला, आणि चूक माझी होती. मार्कअप बनवणारं फंक्शन किती वेळा बोलावलं जाईल हे ते फंक्शन लिहिणाऱ्याला कधीच माहीत नसतं, हे मी तेव्हा शिकलो.

तुमच्या बाबतीत ते कोण कोण बोलावेल बघा. सर्च इंजिनसाठी वर्णन तयार करणारी काही प्लगइन पानाचा मजकूर एकदा स्वतःसाठी रेंडर करून घेतात, त्यात शॉर्टकोडही चालतो. फीडमध्ये, म्हणजे साइटचा नवा मजकूर इतर ॲपना पुरवणाऱ्या यादीतही, तो चालतो. कुणी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिंक टाकली की प्रिव्ह्यूसाठी पान मागवलं जातं, माणसाने ते उघडलेलं नसलं तरी. म्हणून मोजणी वेगळी करा: पान उघडल्यावर ब्राउझरकडून एक वेगळी पोस्ट विनंती येऊ दे, ती आकडा वाढवेल. कार्डाच्या फंक्शनने माहिती घ्यावी, स्ट्रिंग द्यावी, बास. रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरणाऱ्यांना हे तिच्या स्ट्रिक्ट मोडमुळे लवकर कळतं, कारण डेव्हलपमेंट चालू असताना तो मोड कॉम्पोनंट (पानाचा तुकडा बनवणारं फंक्शन) मुद्दाम दोनदा चालवतो आणि असले लपलेले परिणाम उघडे पाडतो. पीएचपीत आपल्याला असं कुणी दाखवत नाही.

आता रिकाम्या वर्णनांकडे येतो. यात देवनागरीचा थेट संबंध आहे.

तुमची ओळ अशी आहे: वर्णन घ्या, सबस्ट्रने (स्ट्रिंगचा तुकडा काढणाऱ्या फंक्शनने) १५० वर कापा, मग एचटीएमएल-स्पेशल-कॅर्समधून काढा. सबस्ट्र अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि चिन्ह म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हेही सुटे सुटे. ‘मुंबई’ शब्द घ्या: म, उकार, अनुस्वार, ब, ई. पाच चिन्हं, पंधरा बाइट. १५० ला तीनने भाग जातो, पण मध्ये येणारे स्पेस आणि स्वल्पविराम एकेका बाइटचे असतात, त्यामुळे काप कुठे बसेल ते वर्णनावर अवलंबून. कधी तो नेमका दोन चिन्हांच्या मध्ये पडतो आणि सगळं ठीक दिसतं. बाकी वेळी एखाद्या चिन्हाचा एक किंवा दोन बाइटचा तुकडा शेवटी लोंबकळत राहतो. असा तुकडा म्हणजे अवैध यूटीएफ-८. आणि पीएचपी ७.४ मधलं एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स, काही न सांगता वापरलं तर, अवैध स्ट्रिंग मिळाल्यावर पूर्ण रिकामी स्ट्रिंग परत देतं. एरर नाही, इशारा नाही. म्हणून शेजारशेजारच्या दोन पुस्तकांत एकाचं वर्णन आहे आणि दुसऱ्याचं नाही. इंग्रजी साइटवर हा प्रकार क्वचितच दिसतो, तिथे जवळजवळ सगळी अक्षरं एका बाइटची. म्हणून इंग्रजीत शोधलंत तर याबद्दल फारसं सापडलं नसेल.

पीएचपी ८.१ पासून डिफॉल्ट बदललं. तिथे बिघडलेल्या तुकड्याच्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो आणि बाकीचं वर्णन टिकतं. सर्व्हर बदलता आला तर बदला. पण मुळात कापच नीट घ्यायला हवा. एमबी-सबस्ट्र (बाइटऐवजी चिन्हं मोजणारं) वापरलंत तर बाइटचा प्रश्न सुटतो, तरी मराठीला तेवढं पुरत नाही: ‘पुस्तक’ चार चिन्हांवर कापलं तर ‘पुस्’ उरतं, पाय मोडलेलं. मी ठरलेल्या लांबीपर्यंत घेतो आणि तिथून मागे येत शेवटच्या स्पेसवर तोडतो. आणि क्रम लक्षात ठेवा. आधी कापायचं, मग एस्केप करायचं. उलट केलंत तर एस्केप केलेल्या अँड चिन्हाचेच दोन तुकडे होतील आणि पानावर त्याचं शेपूट दिसेल.

आकड्यांच्या माळा ही तिसरी गोष्ट. इथे मी तुमच्याकडे जुन्या डेटाबेसच्या दोन ओळी मागवल्या होत्या, त्या बघून खात्री पटली. जुनी साइट युनिकोडमध्ये नव्हती, पानावर लॅटिन-१ हे, फक्त पश्चिम युरोपीय अक्षरांसाठीचं, एन्कोडिंग होतं. ग्रंथालयातल्या बाईंनी फॉर्ममध्ये ‘म’ टाइप केला, की त्या एन्कोडिंगमध्ये ‘म’ ला जागाच नसल्याने ब्राउझर त्याचं रूपांतर करून पाठवायचा: अँड, हॅश, २३५०, सेमीकोलन. २३५० हा ‘म’ चा युनिकोड क्रमांक. डेटाबेसमध्ये अक्षर गेलंच नाही, हे सात चिन्हांचं सोंग गेलं. पान दाखवताना एस्केपिंग नव्हतं, त्यामुळे ब्राउझर ते पुन्हा ‘म’ करून दाखवायचा, आणि वर्षानुवर्षं कुणाला काही कळलं नाही. तुम्ही एस्केपिंग लावलंत आणि डेटाबेसमध्ये खरोखर काय आहे ते दिसलं. एस्केपिंगने इथे तुम्हाला खरं तेच सांगितलं.

त्यामुळे दुरुस्ती दाखवण्याच्या ठिकाणी करू नका. डेटा एकदाच दुरुस्त करा. एक इशारा: वर्डप्रेसचं ईएससी-एचटीएमएल हे एस्केप करणारं फंक्शन आधीपासून असलेल्या अशा संकेतांना हात लावत नाही, म्हणून ते वापरलंत तर नावं नीट दिसतील आणि तुम्हाला वाटेल प्रश्न सुटला. पण नव्या साइटवर ‘मुंबई’ शोधलं तर ती पुस्तकं सापडणार नाहीत, कारण ‘मुंबई’ तिथे नाहीच.

हे सगळं झाल्यावर चाचणी घेताना आपण मराठी माणसं हमखास एका ठिकाणी फसतो. तुम्ही अभिप्रायात <चाचणी> असं लिहून बघितलंत, ते पानावर जसंच्या तसं दिसलं, आणि तुम्ही लिहिलंत की एस्केपिंग काढूनही टॅग चालत नाहीत, म्हणजे धोका नाही. ब्राउझर < या चिन्हानंतर रोमन अक्षर आलं तरच टॅग सुरू झाला असं मानतो. देवनागरी अक्षर आलं तर तो ते साधा मजकूर म्हणून दाखवतो. हेच </चाचणी> असं स्लॅश लावून लिहा, तो मजकूर नाहीसा होईल, कारण तेव्हा ब्राउझर त्याला कॉमेंट समजतो. म्हणजे तुमची चाचणी पास झाली ती लिपीमुळे. चाचणीच्या नोंदीत ठळक अक्षरांचा रोमन ‘बी’ टॅग घाला; तो टॅग म्हणून चालला आणि अक्षरं जाड दिसली, तर एस्केपिंग नाही. सोबत &, <, >, दुहेरी अवतरण आणि एकेरी अवतरण ही पाच चिन्हंही त्याच नोंदीत असू देत. फंक्शन आता स्ट्रिंग परत देत असल्यामुळे ही नोंद त्याला देऊन उत्तर ताडून बघणारी चाचणी पाच ओळींत लिहून होते. छापणाऱ्या फंक्शनची अशी चाचणी लिहिणं किती त्रासाचं, ते एकदा करून बघितलंत तर कळेल.

एकेरी अवतरणाकडे विशेष लक्ष द्या. वसईपासून वांद्र्यापर्यंत तुमच्या सभासदांत डि'मेलो, डि'सोझा असणारच. तुमच्या कार्डात टायटल ॲट्रिब्यूट (टॅगच्या आत लिहायची माहिती) एकेरी अवतरणात आहे. पीएचपी ७.४ मध्ये एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स डिफॉल्टने एकेरी अवतरण तसंच सोडतं, त्यामुळे नाव ‘डि’ वर संपतं आणि ‘मेलो’ हे ब्राउझरला नवं ॲट्रिब्यूट वाटतं. आज फक्त नाव तुटतं. पण त्याच फटीतून कुणी माउस नेल्यावर चालणारं ॲट्रिब्यूट घुसवू शकतो. ॲट्रिब्यूट दुहेरी अवतरणात लिहा आणि दोन्ही अवतरणं एस्केप करणारा पर्याय स्पष्ट द्या, ८.१ वर तो डिफॉल्ट आहे, तरी मी लिहितोच.

आणि एस्केपिंग एकच नसतं, जागेप्रमाणे ते बदलतं. ‘राखून ठेवा’ या बटणाच्या ऑन-क्लिकमध्ये तुम्ही पुस्तकाचं नाव जावास्क्रिप्टच्या अवतरणात टाकलंय. तिथे एचटीएमएलचं एस्केपिंग लावूनही उपयोग नाही: ब्राउझर आधी ॲट्रिब्यूट उलगडतो, तेव्हा एस्केप केलेलं अवतरण पुन्हा अवतरण होतं, आणि मग ते जावास्क्रिप्टच्या हाती जातं. नाव डेटा-ॲट्रिब्यूटमध्ये ठेवा आणि स्क्रिप्टमधून वाचा. पानाखालच्या स्क्रिप्ट टॅगमध्ये तुम्ही जेसनने (माहिती जावास्क्रिप्टला वाचता येईल अशी लिहायच्या पद्धतीने) यादी देता, तिथे मराठी वाचता यावं म्हणून युनिकोड न बदलण्याचा पर्याय लावलाय, तो राहू दे. पण त्यासोबत स्लॅश न बदलण्याचाही लावलाय, तो काढा. पीएचपी स्लॅशच्या आधी उलटा स्लॅश लावतं, त्यामुळेच एखाद्या वर्णनातला स्क्रिप्ट बंद करणारा टॅग तुमची स्क्रिप्ट मधेच बंद करू शकत नाही. शक्यतो हेक्स-टॅगचा, म्हणजे < आणि > ही चिन्हं संकेतात बदलणारा, पर्यायही जोडा. लिंकसाठी ईएससी-यूआरएल (पत्त्याचा प्रकारही तपासणारं वर्डप्रेसचं फंक्शन) वापरा, कारण जावास्क्रिप्टने सुरू होणाऱ्या पत्त्यात एस्केप करण्यासारखं एकही चिन्ह नसू शकतं.

मग येताना, म्हणजे फॉर्म भरला तेव्हाच, सगळं धुवून का घेऊ नये, असं तुम्ही विचारलंत. कारण येताना तुम्हाला माहीत नसतं की हे नाव पुढे कुठे जाणार: पानावर, ईमेलमध्ये, एक्सेलमध्ये, का छापील ओळखपत्रावर. पीएचपीने हा प्रयोग मॅजिक कोट्स नावाने केला. आलेल्या प्रत्येक अवतरणाआधी आपोआप उलटा स्लॅश लागायचा. ५.४ मध्ये, २०१२ साली, तो काढून टाकला, पण त्या काळात साठवलेल्या नावांत उलटे स्लॅश अजून सापडतात. आणि येताना गाळणं पुरतही नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या सोशल नेटवर्कवर सॅमी नावाचा वर्म (आपोआप पसरणारा कोड) फिरला, एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलमध्ये शिरला. मायस्पेस ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळत असे. वर्म लिहिणाऱ्याने शब्दाच्या मध्ये नवी ओळ टाकली, गाळणीला शब्द ओळखता आला नाही आणि ब्राउझरने तो जोडून वाचला. येताना तपासा जरूर, लांबी बघा, ईमेल ईमेलसारखा आहे का बघा. पण एस्केप करायचं ते शेवटच्या क्षणी, ज्या जागी बसवतोय ती जागा बघून, आणि एकदाच.

‘एकदाच’ सांभाळायला मी एक साधी सवय लावून घेतलीय. ज्या व्हेरिएबलमध्ये मार्कअप आहे त्याच्या नावाच्या शेवटी एचटीएमएल असतं, ज्यात मजकूर आहे त्याच्या नसतं. मजकुराचा मार्कअप झाला की नाव बदललंच पाहिजे. मग साधा मजकूर थेट टॅगच्या आत जोडलेला दिसला किंवा एचटीएमएल नावाचं काही पुन्हा एस्केप होताना दिसलं, तर वाचतानाच खटकतं. साइट बनवायच्या तयार चौकटींपैकी जँगोने २००८ साली १.० मध्ये आणि रेल्सने २०१० साली ३.० मध्ये हे काम टेम्प्लेटकडे सोपवलं, तिथे सुरक्षित मार्कअपचा प्रकारच वेगळा असतो आणि बाकी सगळं आपोआप एस्केप होतं. गो भाषेचं एचटीएमएल टेम्प्लेट तर जागा ओळखून एस्केपिंग बदलतं. वर्डप्रेसमध्ये ही शिस्त आपल्यालाच पाळावी लागते.

वर्णनात परिच्छेद आणि तिरकी अक्षरं हवीत असं वाचनालयाचं म्हणणं आहे, ते रास्त आहे. तो रकाना मुळातच एचटीएमएल आहे. वर एस्केप करायला सांगितलं ते साध्या मजकुरासाठी; तिथे एस्केप न करता डब्ल्यूपी-केएसईएस-पोस्टमधून काढा, ते ठरावीक टॅग ठेवतं आणि बाकीचे काढून टाकतं. स्ट्रिप-टॅग्ज या टॅग काढणाऱ्या पीएचपीच्या फंक्शनच्या भरवशावर राहू नका: ‘क्षेत्रफळ <400 चौ. फूट’ असं वाक्य आलं तर ते < पासून पुढचं सगळंच खातं.

आता डेटा दुरुस्तीचं. डेटाबेसची प्रत काढल्याशिवाय सुरू करू नका. नाव, लेखक, प्रकाशक हे रकाने शुद्ध मजकूर आहेत, तिथले सगळे संकेत एकदा उलगडून यूटीएफ-८ मध्ये जतन करा. वर्णनाच्या रकान्यात मात्र फक्त १२७ पेक्षा मोठ्या क्रमांकांचे आकडी संकेत उलगडा. तिथे कुणी मुद्दाम एस्केप करून लिहिलेलं < चिन्ह असेल तर ते तसंच राहायला हवं. देवनागरी २३०४ ते २४३१ मध्ये येते म्हणून तेवढ्यावरच थांबू नका. ‘दर्‍या’सारख्या शब्दातला जोडणारा अदृश्य वर्ण ८२०५ आहे, रुपयाचं चिन्ह ८३७७, आणि कुरळी अवतरणंही याच भागात पुढे आहेत. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तर काहीच बदलता कामा नये. बदललं तर कुठेतरी दुहेरी एस्केप झालेलं आहे, त्या ओळी बाजूला काढा.

शेवटचं म्हणजे, नावाचा जुना रकाना २५५ चा आहे. प्रत्येक चिन्हाला सात जागा लागत होत्या, म्हणजे त्यात जेमतेम ३६ चिन्हं मावली. लांब नावाची पुस्तकं त्यापुढे कापली गेलीत आणि शेवटी सेमीकोलन नसलेला अर्धा संकेत राहिलाय. सेमीकोलनशिवाय संपणाऱ्या अशा ओळींची यादी काढा. त्या कुठल्याही कोडने भरून येणार नाहीत. वाचनालयाच्या दाखल रजिस्टरवरून हाताने भराव्या लागतील.